विश्लेषण : ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मोबाइलवर पाहिला तर काय हरवते? डहाणू-तलासरीला मोठा पडदा का हवा?

सपाट वाळवंट. विहिरीपाशी दोन माणसे. दूर क्षितिजावर, मृगजळ थरथरते आहे तिथे, एक काळा ठिपका दिसू लागतो. तो उंटस्वार आहे हे कळायला वेळ लागतो. तो मित्र की शत्रू हे कळायला आणखी वेळ लागतो. पार्श्वसंगीत नाही, संवाद जवळपास नाहीत. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधील ओमर शरीफ यांचा हा प्रवेश जगभरातील सिनेमाच्या गाजलेल्या दृश्यांत गणला जातो. पण हाच प्रसंग मोबाइलवर सुरू असेल, तर अंगठा व्हिडीओ पुढे ढकलण्यासाठी शिवशिवतो, कारण पडद्यावर ‘काहीच घडत नाही’ असे वाटते.

घडत असते, पण दिसत नसते. चित्रपटाचा अर्थ ज्या आकारात आहे, तो आकारच हातातल्या काचेवर उरत नाही. मोठा पडदा ही महानगरातल्या हौशी प्रेक्षकांची चैन आहे, असा एक समज रूढ आहे. माझे मत उलट आहे. काही चित्रपटांसाठी मोठा पडदा ही पाहण्याची किमान अट आहे, आणि ती डहाणू-तलासरीसारख्या तालुक्यांत पूर्ण करणे वाटते तितके अवघडही नाही.

चित्रपट नेमका कशाबद्दल?

दिग्दर्शक डेव्हिड लीन यांचा हा चित्रपट डिसेंबर १९६२ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाला. पहिल्या महायुद्धात ऑटोमन तुर्कांविरुद्ध अरब टोळ्यांनी केलेला उठाव आणि त्यात सामील झालेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स, ही त्याची कथा. लॉरेन्सची भूमिका पीटर ओटूल यांनी केली. छायाचित्रण फ्रेडी यंग यांचे, संकलन अ‍ॅन कोट्स यांचे आणि संगीत मॉरिस जार यांचे. चित्रीकरण जॉर्डन, स्पेन आणि मोरोक्कोत झाले. १० नामांकनांपैकी सात ऑस्कर मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचे पुरस्कार त्यात आले.

मूळ लांबी २२२ मिनिटे, म्हणजे तीन तास ४२ मिनिटे. प्रदर्शनानंतर लवकरच त्याला कात्री लागली आणि १९७१ च्या पुनःप्रदर्शनापर्यंत तो १८७ मिनिटांवर आला. हरवलेले तुकडे शोधून, काही संवाद मूळ कलाकारांकडून पुन्हा वदवून घेऊन रॉबर्ट हॅरिस यांनी १९८९ मध्ये तो पुन्हा उभा केला. पन्नाशीच्या निमित्ताने २०१२ मध्ये त्याची ‘फोर के’ डिजिटल आवृत्ती तयार झाली. आज तो दाखवायचा झाला तर बहुतेक ठिकाणी हीच आवृत्ती वापरली जाते.

७० एमएम म्हणजे काय?

‘शोले’च्या जाहिरातींमुळे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला. पण ‘शोले’ ३५ एमएमच्या फिल्मवर चित्रित करून नंतर ७० एमएमवर मोठा केला होता. ‘लॉरेन्स’ मुळातच मोठ्या फिल्मवर चित्रित झाला. कॅमेऱ्यातली निगेटिव्ह ६५ मिलिमीटर रुंद होती. थिएटरला जाणारी प्रिंट ७० मिलिमीटरची, कारण त्यात ध्वनीच्या चुंबकीय पट्ट्यांसाठी जादा जागा लागते.

नेहमीच्या ३५ एमएमच्या तुलनेत एका चौकटीचे क्षेत्रफळ साधारण तिप्पट. म्हणजे तेच दृश्य टिपायला तिप्पट जागा. त्यामुळे क्षितिजावरचा उंट दाण्यादाण्यांत विरघळत नाही, लहान असूनही स्पष्ट राहतो. शरीफ यांच्या प्रवेशासाठी यंग यांनी ४८२ मिलिमीटरची खास दूरदृश्य लेन्स वापरली, ती याच भरवशावर. ठिपक्याइतका माणूससुद्धा प्रेक्षकाला दिसेल, याची खात्री असल्याशिवाय कोणी असे दृश्य लिहिणार नाही.

मोबाइल, टीव्ही, पडदा : गणित काय सांगते?

इंजिनीअरिंगची पदवी बातम्यांच्या डेस्कवर फारशी कामी येत नाही, इथे मात्र आली. एखादे चित्र किती ‘मोठे’ दिसते हे त्याच्या रुंदीवर नव्हे, तर आपल्या डोळ्याशी ते किती अंशांचा कोन करते यावर ठरते. फोन लहान असला तरी आपण तो जवळ धरतो, त्यामुळे तुलना कोनातच करायला हवी.

पंधरा मीटर रुंदीच्या पडद्यासमोर १२ मीटरवर बसलो, तर चित्र सुमारे ६४ अंश व्यापते. आडवा धरलेला, १५ सेंटिमीटर रुंद चित्राचा फोन ३५ सेंटिमीटरवर धरला, तर सुमारे २४ अंश. आणि हॉलमधला ४३ इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहिला, तर जेमतेम १८ अंश. म्हणजे ‘निदान टीव्हीवर तरी पाहा’ हा सल्लाही फारसा उपयोगाचा नाही. त्या अंतरावरचा टीव्ही फोनपेक्षाही लहान ठरतो.

६४ आणि २४ यांतला फरक फक्त भव्यतेचा नाही. २४ अंशांचे चित्र डोळ्यांत एकदमच मावते. ६४ अंशांचे मावत नाही. तिथे नजर फिरवावी लागते, कुठे काय आहे ते शोधावे लागते. लीन यांनी वाळवंट असेच मांडले आहे. विहिरीपाशी थांबलेला लॉरेन्स जसा क्षितिज न्याहाळतो, तसेच प्रेक्षकालाही न्याहाळावे लागते. ते श्रम हाच त्या दृश्याचा अनुभव आहे. फोन आपले श्रम वाचवतो आणि त्यांच्यासोबत दृश्यही काढून घेतो.

सोशल मीडियावर या चित्रपटाचे तुकडे उभ्या चौकटीत फिरतात. तिथले गणित आणखी वाईट आहे. मूळ चौकट उंचीच्या २.२ पट रुंद. ती नऊ गुणिले सोळाच्या उभ्या मापात बसवली, की रुंदीचा साधारण चौथा हिस्सा उरतो, बाकीचा पाऊण भाग कापला जातो. आडवी दृश्ये उभी करणे हे आमच्यासारख्या डिजिटल डेस्कवरचे रोजचे काम आहे. भाषण करणाऱ्या नेत्याचे त्यात काही बिघडत नाही. वाळवंट मात्र उभे करता येत नाही.

ठिपक्याची ही भाषा डहाणूला नवी आहे का?

अजिबात नाही. मोठ्या पसाऱ्यात इवलीशी माणसे, ही तर वारली चित्राची मूळ भाषा आहे. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. आयुष्य गेले ते डहाणू तालुक्यात, गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. मे २०१८ मध्ये ते गेले. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रे आठवा. बारीक रेषा आणि ठिपक्यांनी भरलेले प्रचंड जाळे, आणि त्याच्या कडेला बोटाच्या पेराएवढी माणसे. समोर उभे राहिले की आधी जाळे दिसते, मग नजर फिरता फिरता माणूस सापडतो.

तेच चित्र फोनवर पाहा. ठिपके एकमेकांत मिसळतात आणि करड्या रंगाचा एक डाग उरतो. माणूस सापडतच नाही.

म्हसे आणि लीन यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एकाने कुडाच्या भिंतीवरून कापडावर आणलेली कला पुढे नेली, दुसऱ्याच्या हाती हॉलिवूडचा पैसा होता. पण माणसाचा आकार किती ठेवायचा, या प्रश्नाला दोघांनी दिलेले उत्तर सारखे आहे. म्हणूनच ‘असले इंग्रजी, संथ चित्रपट आदिवासी पट्ट्यात कोण बघणार’ हा प्रश्न मला पटत नाही. लग्नचौकाच्या भिंतीवर देवापासून मुंगीपर्यंत सगळे एका नजरेत न मावणारे विश्व पाहत जी मुले वाढली, त्यांना रुंद चौकट कशी वाचायची हे शिकवण्याची गरज नाही.

या कथेशी भारताचा आणि मराठी माणसाचा काय संबंध?

पडद्यावरचा संबंध ठळक आहे. वाळवंटात मागे राहिलेला आणि लॉरेन्सने जिवावर उदार होऊन परत आणलेला गासिम, ही भूमिका आपल्या आय. एस. जोहर यांची. लॉरेन्सचा वाटाड्या तफास झाले होते पाकिस्तानचे झिया मोहिउद्दीन. दोघांच्याही पात्रांचा शेवट गोळीने होतो. तफास त्या विहिरीपाशीच पडतो आणि वाचवलेल्या गासिमला पुढे खुद्द लॉरेन्सच मारतो.

पडद्याबाहेरचा संबंध मात्र फारसा कोणी सांगत नाही. अरब उठाव सुरू होण्याआधी, १९१५ च्या डिसेंबरात, आजच्या इराकमधल्या कूत अल-अमारा या गावात ब्रिटिश-भारतीय फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ही फौज होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. अनेक भारतीय शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि उपासमार, आजार सोसले. सुटकेसाठी आलेल्या फौजांनाही वेढा फोडता आला नाही.

एप्रिल १९१६ मध्ये तुर्कांशी बोलणी करायला जे ब्रिटिश अधिकारी पाठवले गेले, त्यांत कॅप्टन टी. ई. लॉरेन्स होते. आधी १० लाख, मग २० लाख पौंड देऊ करण्यात आले. तुर्कांनी नकार दिला. २९ एप्रिलला कूत पडले, सुमारे १३ हजार जण कैद झाले. त्यांत बहुसंख्य भारतीय होते. पुढच्या वाळवंटी पायपिटीत आणि छावण्यांत हजारोंचे प्राण गेले.

यातले काहीच चित्रपटात नाही. त्यातला लॉरेन्स कैरोतल्या कचेरीत नकाशे रंगवताना भेटतो आणि तिथून थेट अरबस्तानात जातो. सैन्याचा पूर्ण इतिहास सांगणे हे चित्रपटाचे काम नव्हे, हे मान्य. पण ज्या वाळवंटी युद्धाची ही गाथा जगाने डोक्यावर घेतली, त्याच काळातल्या वाळवंटी युद्धात सातारा-रत्नागिरीकडच्या गावांतले शिपाई होते, हे मराठी प्रेक्षकाने मनात ठेवून हा चित्रपट पाहावा. रिकाम्या वाटणाऱ्या वाळूत आपलीही माणसे आहेत, चौकटीच्या बाहेर.

मग तलासरीचा प्रेक्षक वेगळे काय पाहील?

हा चित्रपट निर्दोष नाही. एका गोऱ्या अधिकाऱ्याभोवती साऱ्या अरब उठावाची कथा फिरते. प्रिन्स फैसल आणि औदा अबू तायी ही महत्त्वाची अरब पात्रे अ‍ॅलेक गिनेस आणि अँथनी क्विन यांनी रंगरंगोटी करून केली. पावणेचार तासांत एकाही स्त्रीला बोलके पात्र नाही. बंड करणारे हजारो लोक बहुतेक वेळ पार्श्वभूमीला असतात.

ही त्रुटी कोणाच्या चटकन लक्षात येईल? जिथे उठावाची आठवण घरात आहे, त्यांच्या. तलासरी तालुक्यातल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारल्यांची परिषद भरली. वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत नाकारण्याचा लढा तिथून पेटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला. गोदावरी परुळेकर याही इथे बाहेरूनच आल्या होत्या. पण या लढ्याबद्दल त्यांनी जे पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. नावात नेता नाही, जागा होणारा माणूस आहे. पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बाहेरून आलेला माणूस आणि उठाव करणारे लोक यांचे नाते काय असते, श्रेय कोणाचे, शेवटी जमीन कोणाच्या हाती जाते, हे प्रश्न लीन यांच्या चित्रपटातही आहेत. शेवटी लॉरेन्स एकाकी होतो आणि अरबस्तानचे भवितव्य राजकारणी ठरवतात. दक्षिण मुंबईतला रसिक छायाचित्रणाला दाद देईल. तलासरीतला प्रेक्षक कदाचित विचारेल, की ‘लढली ती माणसे कुठे गेली?’ मला हा दुसरा प्रश्न ऐकायचा आहे. पण त्यासाठी चित्रपट आधी तिथवर पोहोचायला हवा.

आज पाहायचा तर कुठे?

जुने चित्रपट पुन्हा मोठ्या पडद्यावर आणण्याची लाट देशात आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांचे आणि २०२४ मध्ये राज कपूर यांचे चित्रपट अनेक शहरांत दाखवले. २०२४ मध्ये पुन्हा आलेल्या ‘तुंबाड’ने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. पण या लाटेचे पाणी मल्टिप्लेक्सच्या पायरीपर्यंतच येते.

डहाणू रोडहून चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते हे खरे, पण एका बाजूचा प्रवास अडीच-तीन तासांचा. त्यात पावणेचार तासांचा चित्रपट आणि मध्यंतर मिळवा, परतीची लोकल गाठण्याची धाकधूक मिळवा. पूर्ण दिवस जातो आणि एका कुटुंबाचा खर्च तिकिटाच्या कितीतरी पट होतो. तलासरी गाव तर रेल्वेवर नाही, महामार्गावर आहे. तिथल्या माणसाला मोठ्या पडद्यासाठी राज्याची हद्द ओलांडून वापी जवळ. तिथेही लागेल तो चालू आठवड्याचा चित्रपट. १९६२ चा नव्हे.

तालुक्यात दाखवता येईल का?

येईल. पुन्हा गणित पाहू. त्या ६४ अंशांसाठी १५ मीटरचा पडदा लागतोच असे नाही. १० मीटर रुंदीच्या पडद्यापासून आठ मीटरवर बसले की कोन तोच मिळतो. या चित्रपटाच्या प्रमाणात पडद्याची उंची साडेचार मीटर होईल. म्हणजे क्षेत्रफळ साधारण ४५ चौरस मीटर. सिनेमागृहात अपेक्षित असतो तेवढा उजेड या पडद्यावर पाडायचा, तर साध्या पांढऱ्या पडद्यासाठी सुमारे सात हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर हवा. शाळा-कॉलेजांत साधारणतः तीन-चार हजारांचे असतात. म्हणजे त्यांच्या दुप्पट ताकदीचा, तोही ‘फोर के’ दर्जाचा. मोठ्या कार्यक्रमांसाठी असे प्रोजेक्टर भाड्याने मिळतात.

बाकीच्या गरजा साध्या आहेत. पूर्ण अंधार होईल असे सभागृह, चांगले ध्वनिक्षेपक, वीज गेली तर जनरेटर आणि हक्कधारक कंपनीकडून रीतसर परवाना. डाउनलोड केलेली प्रत लावून हे करू नये. ते बेकायदा तर आहेच, शिवाय दाबलेल्या फाइलमध्ये ठिपका पुन्हा हरवतो. वेळ भातकापणीनंतरची, शनिवार किंवा रविवार दुपारची ठेवावी, म्हणजे लांबच्या पाड्यांवरच्यांना शेवटची एसटी मिळेल. सुरुवातीला काळ्या पडद्यावर चार-एक मिनिटे नुसते संगीत वाजते, ते गाळू नये. पडद्याखाली मराठी भाषांतर आणि आधी दहा मिनिटे वारलीत कथेची ओळख असावी. मध्यंतर चित्रपटातच आहे.

महाराष्ट्राला हे नवीनही नाही. जत्रांमधल्या तंबूतल्या फिरत्या टॉकीजने पिढ्यान्‌पिढ्या सिनेमा गावात नेला. त्या टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. तंबू गेले, ट्रक गंजले, पण चित्रपटाने प्रेक्षकाकडे जायचे असते ही कल्पना जुनी झालेली नाही. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला डहाणूत जी गर्दी लोटते, ती पाहिलेल्या कोणालाही ‘प्रेक्षक कुठून आणणार’ हा प्रश्न पडू नये.

पुढाकार कोणी घ्यायचा?

डहाणू नगरपरिषद आणि तलासरी नगरपंचायत यांना सांस्कृतिक कार्यक्रम नवे नाहीत. दोन्ही तालुक्यांत महाविद्यालये आणि आश्रमशाळा आहेत. मुंबईत १९६८ पासून काम करणाऱ्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांकडे परवाने आणि प्रती मिळवण्याचा अनुभव आहे. या तिघांनी हिवाळ्यातला एक शनिवार-रविवार ठरवावा, पहिला दिवस डहाणूला, दुसरा तलासरीला. चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावून लोकांना घरी धाडू नये. अर्धा तास थांबावे आणि माइक प्रेक्षकांकडे द्यावा.

पालघर जिल्हा होऊन १ ऑगस्ट २०१४ पासूनचा काळ लोटला. रस्ते, पाणी, दवाखाने यांचे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांच्याआधी सिनेमाचा नंबर लागावा असे कोणी म्हणणार नाही. पण दोन दिवसांच्या खेळाने त्यांच्या निधीला धक्का लागत नाही. उलट ‘इथल्या लोकांना एवढेच पुरे’ असे म्हणत प्रत्येक गोष्टीची लहान आवृत्ती या भागाला देण्याची जी सवय लागली आहे, तिला एकदा तरी छेद जाईल. डहाणू-तलासरीच्या मुलांना हा चित्रपट मिळायचा तर तो पूर्ण लांबीचा, पूर्ण रुंदीचा आणि अंधारात मिळावा. तो आवडला नाही तर त्यांनी तसे खुशाल सांगावे. पण न दिसलेल्या चित्रपटाबद्दल त्यांना मत विचारणे अन्यायाचे आहे.